शेपटीवाले शब्द आणि चारशे सातचे बूट

ही वही ज्याच्या कुणाच्या हातात पडेल त्याची आधी माफी मागते. माझे अक्षर वाकडे आहे. ओळीवर सुरू होते आणि ओळ संपेपर्यंत खालच्या ओळीला टेकते. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, ते मला कधी कळले नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि विचारायला बाई राहिल्या नाहीत. त्या बाईंचे एक मात्र लक्षात आहे. आम्ही कोल्हापूरच्या बाया बोलताना "मी आलो, मी गेलो" म्हणतो, तसे लिहायचे नाही, लिहिताना "आले, गेले" लिहायचे. तेवढे पाळले आहे. बाकीचे समजून घ्यावे.

मी एका हॉटेलात हाउसकीपिंगला आहे. पंधरा वर्षे झाली. हॉटेलाचे नाव लिहीत नाही, कारण नोकरी अजून चालू आहे. शनिवार-रविवारी आमच्याकडे देवीच्या दर्शनाला आलेली कुटुंबे असतात. आठवडाभर फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांच्या, कामाचे साहेब लोक. इथल्या कारखान्यांत बाहेरच्या देशांतून यंत्रे येतात, ती बसवायला त्यांची माणसे येतात आणि दोन-दोन महिने राहतात. आम्ही आपसात त्यांना पावणं म्हणतो आणि सुपरवायझर मॅडमसमोर गेस्ट.

खोली झाडली की काम झाले असे बाहेरच्यांना वाटते. तसे नसते. पाहुणा कायमचा निघून गेला की ती चेक-आऊटची खोली. तिथे गादी उचलून, कपाट उघडून, बाथरूमच्या दारामागे बघून सगळे रिकामे करायचे, सापडेल ते रजिस्टरला लिहायला द्यायचे. पाहुणा कामाला गेला आहे आणि परत येणार आहे, ती चालू खोली. चालू खोलीत जीव मुठीत धरून वावरायचे. टोपलीत असेल तो कचरा. टोपलीच्या बाहेर असेल ती पाहुण्याची वस्तू, मग ती केळीची साल का असेना. आणि खोलीतून कागदाचा कपटासुद्धा आपल्यासाठी बाहेर न्यायचा नाही. नेला तर चोरी.

या पंधरा वर्षांत मी चादरी किती बदलल्या ते सांगता येणार नाही, पण सगळ्यात जास्त काय केले ते सांगता येईल. मी भ्याले. भुताला नाही, चोराला नाही. इंग्रजीला. मी पलंगाची चादर ताणत असावे आणि मागे दार वाजावे. पाहुणा काहीतरी विसरला म्हणून परत आलेला असतो, आणि आता तो माझ्याशी बोलणार असतो. तेवढ्या वेळात माझ्या पाठीला घाम सुटतो. आजही सुटतो.

त्यात नोकरीला लागतानाच मी खोटे बोलले होते. हॉटेलला आठवी पास बाई पाहिजे होती. गडमुडशिंगीची मंगल तिथे आधीपासून कामाला होती, तिनेच मला नेले. फॉर्म भरताना ती म्हणाली, "आठवी सांग."

"मी चौथी हाय की गं."

"त्यास्नी काय म्हाईत? झाडू आठवीचा येगळा असतोय व्हय?"

मंगलला हे बोलून विसरता आले. मला नाही. साध्या हसण्याबोलण्यातसुद्धा कुणी "शालनताई, किती शिकला?" म्हटले की आज आपले शेवटचे असे वाटायचे.

इंग्रजी मी कानाने शिकले. बेडशीट, टॉवेल, पिलो हे शब्द सोपे. वस्तू समोर असते, बोट दाखवता येते. घाबरवतात ते कामाचे शब्द, कारण त्यांना मागे शेपूट असते. ऑन, ऑफ, अप, डाऊन, आऊट, अवे. आपले सगळे लक्ष पुढच्या मोठ्या शब्दाकडे, आणि अर्थ तर शेपटीत. उसाच्या गाडीवाला बैलाची शेपटी जराशी पिरगाळतो आणि बैलाची चाल बदलते, तसे.

पहिल्या वर्षी पॅन्ट्रीतला फोन वाजला. पॅन्ट्री म्हणजे आमची प्रत्येक मजल्यावरची छोटी खोली, चादरी आणि साबण ठेवायची. आजूबाजूला कुणी नव्हते म्हणून मी उचलला. पलीकडचा माणूस म्हणाला, "होल्ड ऑन." मला वाटले, ठेव म्हणतोय. मी ठेवला. परत वाजला. परत "होल्ड ऑन". मी परत ठेवला. तिसऱ्यांदा खालची रिसेप्शन डेस्कवरची मुलगी जिना चढून धापा टाकत आली आणि चार जणांसमोर मला विचारू लागली की तुमचे डोके ठिकाणावर आहे का. त्या दिवसापासून मी डेस्कला फोन करायला भ्याले. ही गोष्ट पुढे महागात पडली.

एका म्हाताऱ्या पाहुणीबाईला थंडी वाजत होती. तिने एसी "टर्न डाऊन" करायला सांगितला. मी बंदच केला. ऐन मे महिन्यात दुपारी ती घामाने भिजून बाहेर आली. तेव्हा कळले की टर्न ऑफ म्हणजे बंद, टर्न डाऊन म्हणजे कमी. मग टर्न अप म्हणजे जास्त, हे मी आपले आपण जुळवले आणि खूश झाले. दुसऱ्याच आठवड्यात एक साहेब म्हणाला की माझा माणूस तीन वाजता टर्न अप होईल. मी तीन वाजता एसी वाढवायला हजर. माणूस आला. मी रिमोट घेऊन उभी. साबण "रन आऊट" झाला म्हणजे पळाला नव्हे, संपला. आणि दारावर "मेक अप रूम"ची पाटी लावली म्हणजे खोली आवरा.

आज हे लिहिताना हसू येते. त्या वेळी एकेका शब्दापायी रात्रीचे जेवण जात नसे.

कामावर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे मोबाइलला विचारायची सोय नव्हती. मी एक वही केली. पाहुणा जे बोलला ते मराठी अक्षरांत लिहायचे आणि खाली, पुढे काय घडले ते लिहायचे. "कॅरी ऑन म्हणाले आणि परत लॅपटॉपकडे वळले. म्हणजे, तुझे चालू दे." असे. इंग्रजी अक्षरे मी खोल्यांच्या तक्त्यावरून आणि शाम्पूच्या बाटल्यांवरून शिकले. पाहुणे कधी उशीवर चिठ्ठी ठेवून जातात, हे करा ते करा म्हणून. ती वाचायला मला पाव तास लागायचा, म्हणून मी ती खिशात घालून आणायची आणि वहीत चिकटवायची. नियमाने ती चोरीच होती. वही पॅन्ट्रीत जुन्या पडद्यांच्या गठ्ठ्याखाली असायची. मंगललासुद्धा ठाऊक नव्हती.

रेश्मा मॅडम आमच्या सुपरवायझर. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पॅन्ट्रीत एक कार्ड टांगले होते. पाहुणे नेहमी लिहितात ती दहा वाक्ये, खाली मराठीत अर्थ. त्यात एकाखाली एक होते: "पुट अवे, जागेवर ठेवणे. थ्रो अवे, टाकून देणे." या जोडीला मी सगळ्यात जास्त भ्यायचे. माझा नियम शेपटी बघायचा, आणि इथे शेपटी सारखीच. एक चूक झाली की पाहुण्याची वस्तू कचऱ्यात.

मग चारशे सात आला.

आम्ही पाहुण्यांना खोलीच्या नंबराने ओळखतो. हा इटलीचा, पन्नाशी ओलांडलेला, एका फौंड्रीत यंत्र बसवायला आलेला. चालताना डाव्या बाजूला किंचित कलायचा. मला बघितले की हात जोडून "नमस्ते" म्हणायचा, त्यामुळे मी त्याच्या खोलीत इतरांपेक्षा कमी भ्यायची.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्याच्या खोलीत कपाटासमोर जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेले होते. वर तपकिरी चामड्याचे बूट. शिवणीत फौंड्रीची काळी वाळू अडकलेली, टोके झिजलेली. डाव्या बुटाचा तळ तीन बोटे जाड. वर चिठ्ठी.

मी चिठ्ठी घेऊन पॅन्ट्रीत गेले आणि कार्डाशी एकेक अक्षर जुळवले. थ्रो अवे. परत जुळवले. थ्रो अवे.

मंगल तिथे टॉवेल मोजत होती. मी म्हटले, "बूट टाक म्हणतोय गं. पर एका बुटाचा तळ बघ की. मुद्दाम करून घेतल्यागत वाटतोय."

"जुना झाला असंल. त्यास्नी काय कमी हाय? परवा तीनशे बारानं धडधाकट छत्री टाकली."

"डेस्कला इचारू का?"

"इचार की. मग ती पोरगी म्हनंल, शालनताई, आठवीत एवढं बी शिकिवलं न्हाय व्हय?"

ती चेष्टेत म्हणाली. पण मी फोनकडे बघितले आणि माझा हात गेला नाही. शंका आली तर डेस्कला विचारायचे, हाही नियमच आहे. शंका मला आली होती. मी विचारले नाही. बूट पिशवीत घातले आणि मागच्या फाटकाशी नेऊन ठेवले. साडेअकराला घंटागाडी आली आणि घेऊन गेली. चिठ्ठी वहीत चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खाली मॅनेजर सरांच्या केबिनमध्ये बोलावले. रेश्मा मॅडम होत्या, डेस्कची मुलगी होती.

"चारशे सातचे बूट कुठे आहेत?"

"टाकलं सर."

"का?"

"चिठ्ठी हुती. टाका म्हणून."

"साहेब म्हणतात, मी कपाटात ठेवा असं लिहिलं होतं. पुट अवे. तुम्ही काय वाचलं? चिठ्ठी कुठाय?"

चिठ्ठी वर होती. पडद्यांच्या गठ्ठ्याखाली, माझ्या वहीत. आणायला तीन मिनिटे लागली असती. पण वही आणली की चिठ्ठ्या पळवल्याचे उघडे पडणार, चोवीस होत्या. आणि वहीतले एक पान कुणीही बघितले तरी ते आठवी पास बाईचे नाही हे कळणार. मी म्हटले, "बुटासंगट गेली सर."

सर डेस्कच्या मुलीकडे बघून म्हणाले, "कार्ड लावलंय पॅन्ट्रीत. पुट आणि थ्रोमधला फरक सांगायला अजून काय करायचं?"

त्यांनी एक कागद पुढे केला. मी चुकीचे वाचले असे त्यात लिहिले होते. बूट साहेबाच्या पायाच्या मापाने बनवलेले होते, एक पाय आखूड होता म्हणून. अठरा हजार हॉटेलने त्याच्या बिलातून वजा करून दिले, ते माझ्या पगारातून महिन्याला दीड हजार कापायचे ठरले. मी सही केली. मराठीत करते, सगळे नाव लिहून, तेवढा वेळ लागतो. सगळे थांबले.

पैसे कापले त्याचे दुःख झालेच. पण त्याहून वाईट पुढचे सहा आठवडे गेले. हॉटेलने मोची बोलावून त्याच्या साध्या बुटाला रबराचा तुकडा ठोकून घेतला होता. तो बूट त्याला बसत नव्हता. व्हरांड्यातून जाताना तो भिंतीला हात लावत चालायचा. मला बघून नमस्ते म्हणणे त्याने बंद केले. तो येताना दिसला की मी ट्रॉली उलटी वळवून पॅन्ट्रीत शिरायची आणि त्याची पावले लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर श्वास धरून उभी राहायची. एक पाऊल जड, एक हलके.

आमचे हे रिक्षा चालवतात. त्यांना मी सगळे सांगितले होते. ते भडकले.

"चिठ्ठी हाय न्हवं तुज्याजवळ? मग आपट की त्येंच्या म्होरं!"

"खोलीतनं आणलीया. ती चोरी हुती."

"चिठ्ठीची चोरी! आणि म्हैन्याला दीड हजार कापत्यात ती काय सत्यनारायणाची पूजा हाय?"

त्यांचे बरोबर होते. पण त्यांना एक गोष्ट मी सांगितली नाही. मला आता त्या चिठ्ठीचीच भीती वाटू लागली होती. रोज जेवणाच्या सुट्टीत मी वही काढून ती अक्षरे बघायची. बघून बघून ती हलल्यासारखी वाटायची. एवढा मोठा साहेब म्हणतो मी दुसरे लिहिले, मॅनेजर म्हणतात दुसरे लिहिले, आणि चौथीची बाई म्हणते हेच लिहिले. कोण चुकले असेल? कुणाला दाखवावी आणि त्याने हसून म्हणावे, अहो ताई, हे पुटच आहे की. मग माझ्याजवळ काहीच उरले नसते. न दाखवता निदान शंका तरी उरत होती. अशा शंकेवर मी दहा महिने काढले.

दहा महिन्यांनी तो परत आला. यंत्राची दुरुस्ती होती. या वेळी खोली तीनशे तीन, पण आम्ही त्याला चारशे सातच म्हणत होतो. मी रेश्मा मॅडमना विनवले की मला दुसरा मजला द्या. त्या म्हणाल्या, "दोघी रजेवर आहेत, शालनताई. खोलीत काही हलवू नका म्हणजे झालं."

पहिल्या सकाळी तो नाश्त्याला खाली गेल्यावर मी दार उघडले. पलंगभर कागद होते. मोठमोठे, यंत्राचे नकाशे, काहींवर लाल पेनाच्या खुणा. पलंग आवरायचा तर ते उचलायला लागणार. आणि वर, मधोमध, चिठ्ठी.

मी पॅन्ट्रीत गेलेच नाही. ती अक्षरे मला आता झोपेत ओळखता आली असती. थ्रो अवे.

मी जमिनीवर बसले. टाकावे तर परत तेच. तसेच ठेवून पलंग न आवरावा तर तक्रार. फोन करावा तर डेस्क. अर्धा तास असा गेला की पाच मिनिटे, मला सांगता येणार नाही. एवढे कळत होते की या वेळी अठरा हजारांवर भागणार नाही, कायमचे घरी जावे लागेल.

मग मी उठले ते धीर आला म्हणून नव्हे. घरी जाण्याची भीती विचारण्याच्या भीतीपेक्षा मोठी झाली, एवढेच. मी नकाशांची गुंडाळी केली, एका हातात ती घेतली, दुसऱ्या हातात खोलीतली कचऱ्याची टोपली, आणि जिन्याने खाली गेले. हाउसकीपिंगच्या बाईने रेस्टॉरंटमध्ये पाऊल टाकायचे नसते. मी टोपलीसकट गेले. चमचे वाजायचे थांबले. तो खिडकीजवळ बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि टोपली वर केली. मग गुंडाळी टोपलीच्या तोंडावर धरली.

"नो! नो, नो, नो!" तो खुर्ची मागे सारून उठला आणि गुंडाळी माझ्या हातातून ओढून घेतली.

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्याने वाचली आणि मान हलवली, "येस, येस." आणि हाताने कपाटाचे दार उघडून, आत ठेवून, दार लावून दाखवले. चिठ्ठीवर बोट ठेवून परत तेच दाखवले. कपाटात ठेव.

तेव्हा मला कळले. त्याला त्या शब्दाचा अर्थ तोच वाटत होता.

मी टेबलावरचा वापरलेला कागदी रुमाल उचलला आणि टोपलीत टाकला. "धिस थ्रो अवे," म्हणाले. मग त्याचा चष्मा उचलला. साहेबाच्या चष्म्याला हात लावला, आता लिहितानाही अंगावर काटा येतो. तो त्याच्या डबीत ठेवला, डबी बंद केली, त्याच्या बॅगेच्या कप्प्यात घातली. "धिस पुट अवे." माझा आवाज इतका बारीक आला की मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हटले.

तो टोपलीकडे बघत राहिला. मग कानापर्यंत लाल झाला. हळूच म्हणाला, "शूज?"

मी मान हलवली.

तेवढ्यात रेश्मा मॅडम धावत आल्या. "शालनताई, काय हे! टोपली घेऊन इथं? वेड लागलं का?" मी त्यांना म्हटले, "मॅडम, दोन मिनटं थांबवा त्यास्नी. मी आलो." आणि वर जाऊन पडद्यांच्या गठ्ठ्याखालची वही आणली. ते पान उघडून त्याच्यासमोर ठेवले. जुनी चिठ्ठी, नवी चिठ्ठी. अक्षर एकच, शब्द एकच.

तो बराच वेळ बोलला. मॅडमनी मला सांगितले, "ते म्हणतात, चाळिशीनंतर कामापुरतं इंग्रजी शिकलो, हे दोन शब्द लहानपणी डावं-उजवं चुकावं तसे चुकत आलो. आजवर सगळ्या हॉटेलांत हेच लिहीत आलो. एका गावात त्यांचा रेनकोट गेला होता, तेव्हा तिथल्या माणसांना चोर म्हणाले होते." मॅडम हसू दाबत होत्या. तो हसत नव्हता. त्याने माझ्यासमोर हात जोडले. मला ते बघवेना. कारण शंका मलाही आली होती आणि मी विचारले नव्हते, आणि सहा आठवडे भिंत धरून तो चालला होता. हे इंग्रजीत कसे सांगायचे ते माझ्या वहीत नव्हते.

मॅनेजर सरांनी वही मागून घेतली. केबिनमध्ये मला उभी करून ते पाने उलटत राहिले. "टर्न अप"च्या पानावर थांबले, ओठ हलले, पुढे गेले.

"तुमचं शिक्षण किती?"

"चौथी सर."

"फॉर्मवर आठवी आहे."

"व्हय."

"आणि या चिठ्ठ्या खोल्यांतून आणल्या?"

"व्हय सर. चोवीस हुत्या. आता छत्तीस."

वही मिटून ते म्हणाले, "बघू." त्या एका शब्दावर मी पुढचा आठवडा काढला. सकाळी फाटकावरचा वॉचमन आत सोडेल की नाही असे वाटायचे. त्याने रोज सोडले. वही रेश्मा मॅडमनी परत आणून दिली आणि म्हणाल्या, "कार्डावर दहाच वाक्यं आहेत, यात दीडशे आहेत. मला उतरवून घेऊ द्या." शिक्षणाचे पुढे कुणी काढले नाही.

साहेबाने जाताना अठरा हजार आपल्या बिलात परत भरले. मॅडमनी मला ते बिल दाखवले. माझे कापलेले आता परत मिळणार असे सरांनी सांगितले. तोपर्यंत पंधरा हजार कापले गेले होते. पहिल्या महिन्यात अकौंटवाल्यांनी सात हजार दिले, बाकीचे वरून मंजुरी आली की. दुसऱ्या महिन्यात मंजुरी आली नाही, उलट पगारातून नेहमीचे दीड हजार गेले. हे म्हणाले, "आता गप बसलीस तर गेलं समज."

अकौंटची खोली पाचव्या मजल्यावर आहे. मी दारात किती वेळ उभी होते कोण जाणे. ट्रॉली सोबत नेली होती, कुणी विचारले तर साफसफाईला आले म्हणायचे म्हणून.

"काय ताई?" अकौंटवाले म्हणाले. "झाडायला या नंतर."

"माझं पैसं."

"सांगितलं ना, वरून आलं नाही अजून."

"वर कुठं सर? ह्यो तर शेवटचा मजला." मी चेष्टा करत नव्हते, भीतीने तोंडातून निघाले. ते हसले, मग थांबले. मी म्हटले, "चारशे सातनं दोन म्हैन्यामागंच भरल्यात. बिलावर हाय. मी बघितलो."

"तुम्हाला बिल वाचता येतं?"

"आकडं येत्यात. पंधरा कापलं, सात दिलं, गेल्या पगारात दीड परत कापलं. साडेनऊ ऱ्हायलं."

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितले. बराच वेळ बघितले. खाली फोन लावला, सरांशी बोलले, "हो, हो, ती इथंच उभी आहे," म्हणाले. मग त्यांनी कपाट उघडून नोटा काढल्या आणि पावतीचे पुस्तक पुढे केले.

मी सही केली नाही. म्हटले, "पुढच्या पगारातनं काय कापायचं न्हाय, तेवढं लिवून द्या."

"लिहून कशाला? मी सांगतोय ना."

"लिवून द्या सर. मराठीत."

त्यांनी माझ्याकडे बघितले, एक कागद ओढला आणि दोन ओळी लिहिल्या. मी त्या वाचल्या. मग सही केली, सगळे नाव लिहून. ते थांबले.

"मोजून घ्या," ते म्हणाले.

मी तिथेच उभ्याने मोजले. मग दुसऱ्यांदा मोजले. साडेनऊ हजार. पुरे होते.